आंबट, कडू, तुरट: चांगली कॉफी आणि पानांचा चहा निवडायला शिकताना

एकाच पाकिटातल्या बिया मी तीनदा मोजून घेतल्या, दर वेळी १५ ग्रॅम. पाणी तेच, गाळणी तीच, फक्त दळण बदललं. एकदा जाड, एकदा मध्यम, एकदा अगदी बारीक. जाड दळणाची कॉफी पाणचट आणि आंबट झाली. बारीक दळणाची इतकी कडू की घोट गिळल्यावरही घशात काहीतरी चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं. मधल्या कपात मात्र गोडसर, भरीव चव होती आणि ती बराच वेळ जिभेवर रेंगाळली. पहिला किंवा तिसरा कपच प्यायला मिळाला असता, तर बिया वाईट निघाल्या असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

चांगल्या कॉफीची किंवा पानांच्या चहाची ओळख करून घ्यायची असेल, तर सामानाची यादी करण्याआधी जीभ तयार करा. कपात काय बिघडलंय हे जिभेला कळलं की पाकीट कोणतं घ्यावं, पाणी किती गरम हवं, किती वेळ थांबावं, या सगळ्याची उत्तरं सापडू लागतात. ते कळत नसेल तर महागडी यंत्रंही उपयोगी पडत नाहीत. म्हणून मी सुरुवात जिभेपासून करते.

आधी तीन चवी वेगळ्या करा

आपल्याकडे सहा रस आहेत, आणि त्यातला एक या कामी फार मोलाचा आहे: तुरट. पुष्कळ नवशिके आंबट, कडू आणि तुरट या तिन्हींना मिळून ‘स्ट्राँग’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. त्या वेगळ्या करायला दहा मिनिटं पुरतात. एका कपात पाणी घेऊन त्यात लिंबाचे चार थेंब टाका. दुसऱ्यात बिनसाखरेची कोको पावडर गरम पाण्यात कालवा. तिसऱ्यात काळा चहा पंधरा मिनिटं तसाच मुरत ठेवून गाळून घ्या. आता एकेक घोट घ्या, मध्ये साधं पाणी प्या.

लिंबाच्या पाण्याने जिभेच्या कडा सुरसुरतात आणि तोंडाला पाणी सुटतं. कोकोचा कडूपणा घोट गेल्यावर मागे, जिभेच्या मुळाशी राहतो. चहाचं तसं नाही. त्याने गालांच्या आतली कातडी आवळली जाते, दातांवरून जीभ फिरवली तर ती अडखळते. हा तुरटपणा खरं तर चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा आहे: चहातली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, त्यामुळे तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. दूध घातल्यावर चहा मऊ लागतो तोही याचमुळे. टॅनिन लाळेऐवजी दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात.

हा प्रयोग एकदाच करायचा आहे, पण टाळू नका. पुढचं सगळं त्याच्या आधारावर आहे.

कॉफीचं पाकीट कसं वाचावं

पाकीट हातात घेतलं की सगळ्यात आधी भाजल्याची तारीख शोधा. ‘अमुक महिन्यांपर्यंत वापरा’ ही तारीख वेगळी, ती फारशी कामाची नाही. भाजल्यानंतर बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. पाकिटावर नाण्याएवढी छिद्रांची चकती दिसते ती यासाठीच, वायू बाहेर जावा पण हवा आत येऊ नये म्हणून. भाजून तीन-चार दिवस झाल्यावर कॉफी खुलते आणि साधारण महिनाभर ती ऐन बहरात असते. त्यानंतर ती खराब होते असं नाही, पण सुगंध विरत जातो आणि चव सपाट होते. भाजल्याची तारीखच छापलेली नसेल तर मी ते पाकीट परत ठेवते. एकदा सुंदर डब्यातली कॉफी तारीख न बघता घेतली होती. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, आणि त्यावर कुठलाच उपाय चालला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जात. बाजारातली जवळजवळ सगळी कॉफी दोन जातींची असते, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंच, थंड डोंगरउतारांवर वाढते. तिच्यात आंबटगोड छटा आणि सुगंध जास्त. रोबस्टा सखल, उष्ण भागातही तग धरते. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, चव कडू आणि जाडसर, आणि एस्प्रेसोवर, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या घट्ट कॉफीवर, तिच्यामुळे फेस जास्त दाट येतो. ‘१०० टक्के अरेबिका’ असं छापलं की ती कॉफी उत्तमच, असं मात्र समजू नका. निष्काळजीपणे तोडलेल्या, नीट न सुकवलेल्या अरेबिकापेक्षा निगुतीने पिकवलेली रोबस्टा कितीतरी सरस असते. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण लिहिलं असेल तर तेही बघा. चिकोरी हे एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ आहे. त्यात कॅफिन नसतं, पण रंग गडद होतो आणि कॉफी दाट लागते. ती कुणाला आवडत असेल तर जरूर घ्यावी, पण बियांची चव ओळखायला शिकत असाल तोवर बिनचिकोरीची कॉफी घ्या.

पुढचा शब्द प्रक्रियेचा. कॉफीची बी म्हणजे एका लाल फळातली बी, आणि ती फळातून कशी सोडवली यावर चव फार अवलंबून असते. फळाचा गर काढून, बिया धुऊन सुकवल्या तर त्याला वॉश्ड म्हणतात. अशी कॉफी स्वच्छ, नितळ लागते आणि आंबटपणा स्पष्ट जाणवतो. फळ सालीसकट तसंच उन्हात वाळवलं तर ती नॅचरल; हिला पिकलेल्या, कधी कधी मद्याकडे झुकणाऱ्या फळाचा वास असतो. या दोन्हींच्या मधली ती हनी. तिच्यात मध अजिबात नसतो, बियांवरचा चिकट गर ठेवून ती वाळवतात म्हणून हे नाव. एकाच मळ्याची वॉश्ड आणि नॅचरल अशी दोन पाकिटं मिळाली तर जरूर घ्या. शेजारी शेजारी ठेवून प्यायलात तर प्रक्रियेबद्दलचे दहा लेख वाचून कळणार नाही ते दोन घोटांत कळेल.

मग भाजणी. हलकी भाजलेली बी फिकट तपकिरी आणि कोरडी असते. गडद भाजलेली काळपट, आणि पुष्कळदा तेलकट चमकणारी. हलक्या भाजणीत मळ्याची आणि जातीची चव कळते, गडद भाजणीत भाजण्याचीच चव पुढे येते: धुरकट, कडसर, जळक्या साखरेसारखी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मध्यम भाजणी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. हलक्या भाजणीच्या बिया घट्ट असतात, त्यातून अर्क काढायला हात बसावा लागतो, आणि पहिलेच चार कप आंबट झाले तर माणूस नाद सोडून देतो.

आणि ‘जर्दाळू, चॉकलेट, मोगरा’ अशी जी यादी पाकिटावर असते, त्या चवी बाहेरून घातलेल्या नसतात. चाखणाऱ्याला काय आठवलं त्याची ती नोंद आहे. तुम्हाला मोगरा सापडला नाही तर काही चुकलं नाही. त्या यादीतून कॉफी कुठे झुकते एवढं कळलं तरी पुरे, फळांकडे, सुक्या मेव्याकडे की चॉकलेटकडे. दाण्याचा ‘एए’ हा दर्जाही मुळात आकाराचा दर्जा आहे. मोठा दाणा म्हणजे चांगली चव असं समीकरण नाही.

घ्यायची किती, ठेवायची कुठे

दोन-तीन आठवड्यांत संपेल तेवढीच. ती त्याच पाकिटात, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बंद करून, उजेडापासून आणि शेगडीपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. आत-बाहेर होताना बियांवर दमटपणा धरतो आणि बाकीच्या पदार्थांचे वास त्या पटकन ओढून घेतात.

दळण

पैसे कशावर खर्च करायचे असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेते: दळायचं यंत्र. बी अखंड असते तोवर सुगंध आत जपलेला असतो. दळली की हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि तिथून पुढे मिनिटामिनिटाला काहीतरी उडून जातं. म्हणून कॉफी करायच्या क्षणीच दळावी.

पात्याच्या मिक्सरमध्ये बिया दळल्या जात नाहीत, तुटतात. काही तुकडे मोठे राहतात, काहींचं पीठ होतं. मग त्या एकाच कपात जाड तुकड्यांचा आंबटपणा आणि पिठाचा कडूपणा दोन्ही उतरतात, आणि नेमकं काय बदलावं हे समजेनासं होतं. बर ग्राइंडर चालतो जात्यासारखा. दोन दातेरी पृष्ठभागांमध्ये ठरावीक अंतर असतं आणि त्या फटीतून जाईल एवढाच कण खाली पडतो. फट कमीजास्त केली की दळण बदलतं. हाताने फिरवायचा साधा बर ग्राइंडर विजेच्या पात्याच्या यंत्रापेक्षा चांगला, हे निःसंकोच सांगते. तो घेणं जमत नसेल, तर बिया घेतानाच दळून आणा, पण कोणत्या भांड्यासाठी हे सांगा आणि आठवडाभराचीच आणा.

दळण किती असावं याचा अंदाज मिठाने येतो. फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे दांड्याने जाळी खाली दाबायच्या भांड्यासाठी, जाड्या, खरखरीत मिठाएवढं. कागदी गाळणीसाठी त्याहून थोडं बारीक, साखरेच्या कणासारखं. शेगडीवर ठेवायच्या मोका पॉटसाठी बारीक मिठाएवढं. एस्प्रेसोसाठी त्याहूनही बारीक, चिमटीत धरलं तर गोळा होऊ पाहील असं.

पहिला कप

वजनकाटा हवाच, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा काटा पुरतो. चमचा दगा देतो, कारण भाजताना बी फुगते आणि हलकी होते. गडद भाजलेल्या कॉफीचा एक चमचा हलक्या भाजणीच्या एका चमच्याएवढा वजनाला भरत नाही.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम. म्हणजे २५० मिलिलिटरच्या मगाला १५ ग्रॅम. पाणी ९० ते ९६ अंशांचं. उकळी फुटल्यावर आच बंद करून अर्धा मिनिट थांबलात की झालं, थर्मामीटर लागत नाही. पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल किंवा ते फार जड असेल तर गाळलेलं पाणी घ्या. कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे ही शेवटी आठवायची गोष्ट नव्हे.

फ्रेंच प्रेसपासून सुरुवात केलीत तर चुकायला फार जागा राहत नाही. ३० ग्रॅम जाड दळण, ५०० मिलिलिटर पाणी. सगळं पाणी एकदम ओता आणि चार मिनिटं हात लावू नका. वर कॉफीचा एक जाड थर येईल. चमच्याने तो हलकेच मोडा, बराचसा चुरा तळाशी जाईल. वर उरलेला फेस काढून टाका आणि आणखी तीन-चार मिनिटं थांबा, गाळ बसू द्या. मग दांडा जेमतेम पृष्ठभागापर्यंत दाबा आणि सावकाश ओता. तळातला गाळ ढवळला गेला नाही तर कॉफी आश्चर्य वाटावं इतकी नितळ येते.

कागदी गाळणीची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त प्रिय आहे. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने पितळेच्या भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद आत घातला आणि कॉफीतला चोथा व कडूपणा दोन्ही अडवले. आजची पद्धत तीच आहे. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्या, म्हणजे कागदाची चव उतरणार नाही. १५ ग्रॅम दळण सपाट करा आणि त्यावर आधी फक्त ३०-४० ग्रॅम पाणी ओता.

इथे थांबा आणि बघा. ताजी कॉफी असेल तर तो ओला थर फुगून वर येतो, त्यावर बुडबुडे उमटतात, फुटतात, आणि सगळ्या खोलीत वास पसरतो. आत कोंडलेला वायू बाहेर पडतोय. तो असाच आत राहिला तर पाण्याला कणांत शिरू देत नाही, म्हणून हे अर्ध्या-पाऊण मिनिटाचं थांबणं. शिळी कॉफी फुगत नाही, नुसती भिजते आणि खचते. पाकिटावरची तारीख खरी आहे की नाही हे तुम्हाला इथे डोळ्यांनी दिसतं. मग उरलेलं पाणी बारीक धारेने, गोल फिरवत, दोन-तीन वेळा थांबून ओता. एकूण वेळ तीन मिनिटांच्या आसपास.

बिघडलं तर एकच गोष्ट बदला

बीच्या वजनापैकी पाण्यात विरघळू शकतो तो भाग साधारण ३० टक्के. त्यातून बीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के एवढाच उतरला की चव जुळून येते. आधी आम्लं उतरतात, मग गोडवा, आणि शेवटी कडू-तुरट भाग. म्हणून कॉफी आंबट आणि पोकळ लागली तर अर्क कमी उतरलाय: दळण थोडं बारीक करा. कडू आणि घसा कोरडा करणारी झाली तर जास्त उतरलाय: दळण जाड करा. नुसतीच पातळ किंवा जड वाटत असेल, चवीत बिघाड नसेल, तर तो प्रमाणाचा प्रश्न आहे, कॉफीचे ग्रॅम कमीजास्त करा.

इथे त्या लिंबाच्या पाण्याची आठवण ठेवा. आंबट असणं हा दोष नव्हे. पिकलेल्या फळाला असतो तसा, मागोमाग गोडवा घेऊन येणारा आंबटपणा हा चांगल्या अरेबिकाचा गुण आहे. टोचणारा आणि मागे काहीच न ठेवणारा आंबटपणा तेवढा घालवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत एक ओळ लिहा: ग्रॅम, दळण, वेळ, कसं लागलं. आठ-दहा ओळी झाल्या की तुमची आवड तुम्हालाच दिसू लागते.

आता चहा: झाड एक, चहा अनेक

पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा हे सगळे चहा एकाच झाडाचे आहेत, कॅमेलिया सिनेन्सिसचे. फरक पान तोडल्यानंतर काय केलं याचा. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी पडतं ना, तेच पानातही होतं. पान चुरगळलं, पेशी फुटल्या, हवा लागली की एक विकर (एन्झाइम) कामाला लागतो आणि पान हळूहळू काळवंडतं. हिरव्या चहात पान लवकरच तापवून तो विकर निकामी करतात, जपानमध्ये बहुतेक वाफेवर आणि चीनमध्ये बहुतेक कढईत. काळ्या चहात त्याला पूर्ण मोकळीक देतात. ऊलाँगमध्ये अध्येमध्ये कुठेतरी थांबवतात, म्हणून एक ऊलाँग जवळपास हिरव्यासारखा आणि दुसरा काळ्याच्या जवळचा असू शकतो. पांढऱ्या चहात कोवळ्या कळ्या आणि पानं कोमेजवून नुसती वाळवतात. याला पुष्कळ जण आंबवणं म्हणतात, पण काळ्या चहात सूक्ष्मजीवांचं काही काम नसतं. ते पू-एर या मुरवलेल्या चिनी चहासारख्या चहात असतं. कॅमोमाइल किंवा रूईबॉस ही वेगळी झाडं आहेत. त्यांचा काढा छान लागतो, पण तो चहा नव्हे.

दाणेदार चहा आणि पानांचा चहा यात उच्चनीच लावू नये. सीटीसी यंत्र १९३०च्या सुमारास आसाममध्ये आलं. त्यात पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करतात. दाण्यातून रंग आणि जोर झटकन उतरतो, म्हणून दुधात उकळून प्यायचा असेल तर तोच घ्या. महागाचा पानांचा चहा दुधात उकळून त्याचा सुगंध घालवू नका. पानांचा चहा आहे तो पाण्यात मुरवून, निदान पहिले काही घोट तरी कोरा प्यायचा.

घेताना पान हातात घेऊन बघा, शक्य असेल तर. पानं साधारण एकाच आकाराची असावीत, तळाशी भुगा आणि काड्या कमी असाव्यात. दोन बोटांत दाबल्यावर पान कडक तुटलं पाहिजे, लवचीक असेल तर ओल धरलेली आहे. मग मूठभर पानांवर तोंडाने गरम श्वास सोडा आणि लगेच वास घ्या. श्वासाच्या उबेने आणि ओलाव्याने सुगंध जागा होतो. शिळ्या चहाला अशा वेळी जुन्या कपाटाचा वास येतो. तोडणीचं वर्ष आणि हंगाम विचारायला संकोच करू नका. हिरवा चहा वर्षाच्या आत संपवावा, काळा त्याहून जास्त टिकतो.

पाकिटावरच्या ‘ऑरेंज पेको’ या शब्दांचा संत्र्याशी काही संबंध नाही. ते पानाच्या आकाराचे दर्जे आहेत. ‘एफटीजीएफओपी’ अशी लांबलचक अक्षरं दिसली तर एवढंच समजा की अखंड पानं आणि सोनेरी टोकाच्या कळ्या भरपूर आहेत. त्यापेक्षा हंगाम जास्त सांगून जातो. दार्जिलिंगचं उदाहरण घ्या. वसंतातला फर्स्ट फ्लश, म्हणजे पहिल्या तोडणीचा चहा, फिकट, फुलांच्या वासाचा, हिरव्या चहाकडे झुकणारा. मे-जूनचा सेकंड फ्लश अंबरासारख्या रंगाचा, पिकल्या द्राक्षांची आठवण देणारा. हा द्राक्षांचा सुगंध येण्यात एका चिमुकल्या किड्याचा हात आहे. तुडतुडे पानाचा रस शोषतात, पान स्वतःला वाचवायला काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तीच पुढे कपात उतरतात. तैवानमधल्या ‘ओरिएंटल ब्यूटी’ या ऊलाँगचंही रहस्य हेच. हे कळल्यापासून डागाळलेल्या, कुरतडलेल्या पानाकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

पाणी आणि घड्याळ

चहात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘हिरवा चहा कडू असतो’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो उकळत्या पाण्यात केलेला असतो. टॅनिन आणि कॅफिन गरम पाण्यात जोरात उतरतात, चहाला गोडसर, मऊ चव देणारी अमिनो आम्लं मात्र कोमट पाण्यातही सहज येतात. म्हणून हिरव्याला ७० ते ८० अंश आणि दोन मिनिटं. पांढऱ्याला ८० ते ८५ आणि चार-पाच मिनिटं. ऊलाँगला ८५ ते ९५ आणि तीन मिनिटं. काळ्याला उकळीचं पाणी आणि तीन ते चार मिनिटं. दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशला मी ९० अंशांवर थांबते. सावलीत वाढवलेला जपानी ग्योकुरो तर ५०-६० अंशांवरच करावा.

थर्मामीटर नसेल तर मिसळून काढा. तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पाणी एकत्र केलं की ८० अंशांच्या आसपास येतं. चार भागांना एक भाग, तर ८५च्या जवळ. पाणी आधी मिसळा, मग पानांवर ओता.

पानं २०० मिलिलिटरला ३ ते ४ ग्रॅम. इथेही काट्यानेच मोजा, कारण फुललेल्या पांढऱ्या चहाचे दोन मोठे चमचे आणि घट्ट वळलेल्या ऊलाँगच्या गोळ्यांचा एक लहान चमचा वजनाला सारखे भरू शकतात. चाखण्याची तुलना करता यावी म्हणून १९८० मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरलं, आयएसओ ३१०३: १०० मिलिलिटरला २ ग्रॅम, उकळतं पाणी, सहा मिनिटं. ती पद्धत चहातले दोष उघडे पाडायला उत्तम, रोज प्यायला कडक.

चहासाठी चिमट्याची लहान जाळी किंवा गोळ्यासारखी गाळणी घेऊ नका. पानाला उलगडायला जागा हवी. झाकणाचं कुठलंही भांडं आणि साधी गाळणी पुरे. काचेच्या भांड्यात ऊलाँग करून बघा: आधी गोळ्या तळाशी पडून असतात, मग एकेकीच्या कडेला बारीक बुडबुडा येतो, ती वळते, सैल होते, आणि तीन-चार मिनिटांत देठासकट अख्खं पान समोर असतं, कडा तपकिरी, मधला भाग हिरवा. ऊलाँगला अर्ध्यावर थांबवतात म्हणजे काय ते त्या एका पानावर दिसतं.

वेळ झाली की सगळं पाणी ओतून काढा, पानांवर थोडंही ठेवू नका. मग त्याच पानांवर पुन्हा पाणी घाला, या वेळी मिनिटभर जास्त ठेवून. चांगला ऊलाँग चार-पाच वेळा चव देतो आणि प्रत्येक वेळी वेगळी देतो. माझं मत विचाराल तर दुसरा कप सगळ्यात सुंदर असतो. किमतीचा हिशेब करतानाही हे लक्षात घ्या.

चहा तुरट झाला तर आधी वेळ कमी करा, मग तापमान. पानं कमी करू नका, नाहीतर तुरटपणाबरोबर चवही जाते. साठवताना डबा घट्ट झाकणाचा आणि अपारदर्शक हवा, मसाल्यांच्या शेजारी तर मुळीच नको. चहा शेजारचा वास भराभर ओढून घेतो.

पिताना

कप हातात आला की लगेच पिऊ नका. वाफ निघत असताना चव नीट कळत नाही, आणि ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेसाठी घातक असण्याची शक्यता असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं आहे. आधी वास, मग छोटा घोट, थोडी हवा आत ओढत, आवाज झाला तरी चालेल. नंतर कप कोमट होईपर्यंत अधूनमधून पीत राहा. चांगली कॉफी थंड होताना गोड होत जाते, सुमार कॉफीचे दोष तेव्हा वर येतात.

दूध-साखर घालायची असेल तर घाला, फक्त पहिले दोन घोट कोरे घ्या, म्हणजे कशात काय मिसळतोय ते माहीत राहील. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, गरोदरपणात २०० पर्यंत, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला चार-पाच तास लागतात, तेव्हा झोपेचा त्रास असणाऱ्यांनी दुपारनंतर जपून. चहा जेवणाबरोबर घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. त्यातली टॅनिन अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर कागदातून गाळलेली कॉफी बरी, कारण ते वाढवणारी तेलकट द्रव्यं कागदात अडकतात.

पहिल्या महिन्याची खरेदी एवढीच असू द्या: मध्यम भाजणीची वॉश्ड अरेबिका, एक हिरवा चहा, एक काळा चहा, आणि वजनकाटा. ग्राइंडर जमला तर लगेच, नाहीतर पुढच्या महिन्यात. एका सुट्टीच्या सकाळी हिरवा चहा दोन कपांत करा, एक उकळत्या पाण्यात, एक ८० अंशांच्या. दोन्ही कप कुणाला तरी न सांगता पुढे ठेवा आणि हे दोन वेगळे चहा आहेत का, असं विचारा. मग पाकीट दाखवा.